टाकी फुल, तरी नव्या गेजचा काटा रिकाम्यावर?

कोल्हापुरातल्या तुमच्या जुन्या अँबॅसिडरला बाहेरून विकत घेतलेला फ्युएल गेज (डॅशवरचा पेट्रोलचा काटा) बसवलाय. टाकी फुल असली की काटा खाली, रिकामी होत आली की वर. म्हणजे गेज बहुधा बिघडलेला नाही, गेज आणि सेंडर (टाकीत बसून पेट्रोलच्या पातळीप्रमाणे ओहम बदलणारा भाग) यांची जोडी चुकलीय. काही सेंडर रिकाम्या टाकीला 240 ओहम आणि फुलला 33 देतात. काही उलटे, 10 ते 180 किंवा 0 ते 90. 240-33 च्या गेजला 10-180 चा सेंडर जोडला की अगदी तुमच्यासारखंच होतं.

खात्री करा. सेंडरची वायर काढून मल्टीमीटरने सेंडरचं टर्मिनल आणि बॉडी यांच्यात ओहम मोजा, एकदा फुल टाकीला, एकदा तळाला आल्यावर. हे दोन आकडे घेऊनच उद्यमनगरात गेज बदलायला जा. "अँबॅसिडरचा द्या" एवढंच सांगितलंत तर पुन्हा तेच हातात येईल.

रीडिंग उड्या मारत असेल तर आधी सेंडरचं अर्थिंग (बॉडीशी जोड) बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीच्या बोल्टखाली गंज धरतोच. सेंडरच्या फ्लँजपासून (टाकीवर बोल्टने बसणारी चकती) चेसीला वेगळी वायर ओढा. गेजला 12 व्होल्ट इग्निशनवरून द्या, जुन्या डॅशच्या स्टॅबिलायझरमधून नको. तिथून व्होल्टेज कमी मिळतं.

सेंडरला थेट 12 व्होल्ट लावून "चालतोय का" बघू नका. आतली तार जळते, वर पेट्रोलच्या वाफेत ठिणगी. सेंडर उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढाच.