सुरात लावण्यातच वेळ जातो, मग वाजवायचं कधी?

संतूर शिकणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण निम्म्याहून जास्त पत्रांत तीच तक्रार होती.

ताई, निवृत्तीनंतर संतूर शिकते आहे. सकाळी दीड तास मिळतो, त्यातला पाऊण तास तारा लावण्यात जातो. वाजवायला बसले की कुठली तरी तार उतरलेली असतेच. मुलगा म्हणतो, मोबाइलवरच्या ट्यूनरने लाव आणि मोकळी हो. गुरुजी म्हणतात, कानाने लाव. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका, पण एकाच कामासाठी नको. षड्ज ट्यूनरवर पक्का करा. तिथून पुढे तानपुरा लावून ठेवा, ट्यूनर बंद करा.

कारण सांगते. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. तानपुऱ्याशी बरोबर मिळणारा शुद्ध गंधार त्या मोजणीपेक्षा १४ सेंट खाली असतो (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात), तर कोमल गंधार साधारण १६ सेंट वर. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, तो जाणवत नाही. म्हणून ट्यूनरने यमन लावलात की सा-प सुंदर वाटतात आणि गंधारावर थांबलं की काहीतरी खुपतं. काट्यावर सगळं ठीक दिसतं, आणि तुम्ही उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसता.

दुसरं, एका घोडीवरच्या (तारा ज्यावर टेकतात तो छोटा आधार) तीन तारा एकमेकींशी मिळवणं. हे काम ट्यूनरपेक्षा कान चांगलं करतो. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर असेल आणि शेजारची ४४१ वर, तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. ती लहर ऐका. तारा जवळ येतात तशी लहर मंदावते, आणि मिळाल्या की नाहीशी होते. पहिली तार आधी पक्की करा, तिसरी बोटाने दाबून गप्प ठेवा, दुसरी पहिलीशी मिळवा. मग दुसरी दाबा आणि तिसरी मिळवा. तिन्ही एकदम छेडून लावू पाहणारे लोक मी बघते, आणि त्यांच्या चिकाटीचं मला नवल वाटतं.

आता, तार का उतरते? तार पोलादाची, उकाड्याने सैलावते. खोका अक्रोडाच्या लाकडाचा, हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. नवी तार तर काही दिवस ताणतच राहते. यावर आपला इलाज नाही. पण निम्म्या वेळा चूक लावण्याच्या पद्धतीत असते. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. चढला जास्त, तर नुसता थोडा उतरवून सोडू नका. सुराच्या खाली न्या आणि पुन्हा वर या. नाहीतर घोडीपाशी अडकलेला ताण दोन ठोक्यांत सुटतो आणि तार हलते. खुंटीवर हातोडी पूर्ण बसवा आणि केसभरच फिरवा. शिवाय नव्वदीच्या आसपास तारांचा ताण एकाच फळीवर असतो. एका बाजूच्या बऱ्याच तारा चढवल्या की दुसऱ्या बाजूच्या थोड्या हलतात. म्हणून पहिल्या फेरीत घासाघीस करू नका. सगळं वाद्य ढोबळ लावून घ्या, बारकावे दुसऱ्या फेरीत.

आणि खरी वेळेची उधळपट्टी वेगळीच आहे, तुमच्या पत्रातच ती दिसली: सोमवारी यमन, मंगळवारी भैरव, बुधवारी भीमपलास. यमनवरून भैरववर जायचं तर रिषभ, मध्यम आणि धैवत बदलावे लागतात. तीन स्वर, तीन सप्तकं, प्रत्येकी तीन तारा, म्हणजे सत्तावीस तारा. मग उरलेल्या तारांची उजळणी वेगळी. त्यापेक्षा वाद्य एका ठेवणीत महिनाभर ठेवा. यमन लावलात तर त्यातच मध्यम आणि निषाद वगळून भूप वाजतो, मध्यम आणि धैवत वगळून हंसध्वनी वाजतो. फक्त मध्यम उतरवलात की बिलावल, आणि त्याच तारांवर दुर्गा. गंधार-निषाद कोमल केलेत की काफी, भीमपलास, बागेश्री तिन्ही हाताशी. मी विद्यार्थ्यांना राग याच क्रमाने देते. काहींना वाटतं यात काही शास्त्र आहे. शास्त्र कसलं, तारा कमी पिळाव्या लागतात.

लावताना प्रत्येक स्वर गळ्याने म्हणून बघा. गळा बेसूर असला तरी चालेल, कोणी ऐकत नाही. माझ्याकडे जे गुणगुणत लावतात त्यांचा आलाप लवकर सुधारतो, हे मी इतक्या जणांत पाहिलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही. पाऊण तासाचा वीस मिनिटांवर आपोआप येईल. त्याखाली आला नाही तर नाराज होऊ नका. नावाजलेले वादकही मैफलीत दोन रागांच्या मध्ये हातोडी घेऊन बसतात.

द्रुत लयीत माझा डावा हात मागे पडतो. मेट्रोनोमवर रोज वेग वाढवतोय, तरी फरक नाही. मी उजव्या हाताने लिहितो.

वेग वाढवणं आजपासून बंद. तुझा प्रश्न वेगाचा नाहीच, ठोक्यानंतर डावं कलम (तारेवर ठोका मारायची काडी) परत उसळत नाही, हा आहे. कलम तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये टेकलेलं, अंगठा नुसता दिशा दाखवायला. तू ते पेन धरल्यासारखं दाबतोस, असं पत्रातल्या फोटोवरून दिसतंय. दाबलेलं कलम तारेवर पडतं आणि तिथेच चिकटतं. सैल सोड. एक ठोका मार आणि कलम स्वतःहून किती वेळा उसळतं ते मोज. उजव्या हाताचं सहा वेळा उसळत असेल आणि डाव्याचं दोनदा, तर दुखणं सापडलं. दोन्ही हातांच्या उड्या सारख्या होईपर्यंत मध्य षड्जावर एवढंच कर. पुढे स्वर लांबवायला हीच उसळी लागते.

मग पलटे तीन-तीन स्वरांचे घे: सारेग, रेगम, गमप. हात आळीपाळीने चालवलेस तर पहिला तुकडा उजव्याने सुरू होतो, दुसरा आपसूक डाव्याने. चार-चार स्वरांच्या पलट्यात उजवाच कायम पुढारी राहतो आणि डावा त्याच्या मागे फरफटतो. तीनच्या पलट्यात त्याला दर दुसऱ्या वेळी वजन घ्यावंच लागतं. लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी सुरावट) तीनतालाचा लाव, म्हणजे तुकडे मात्रांच्या आत-बाहेर सरकतील आणि समेवर यायला डोकंही वापरावं लागेल. लय अशी ठेव की कंटाळा येईल.

माझे मामा ख्याल गातात. ते म्हणतात, संतूरवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, म्हणून ते शास्त्रीय वाद्यच नाही. त्यांना काय उत्तर देऊ?

आधी विचार, की मामांच्या गाण्याला साथ कशाची असते. पेटीचीच ना? पेटीवरही मींड येत नाही. याच आणि अशा इतर कारणांसाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. आज पेटीशिवाय ख्यालाची मैफल क्वचितच दिसते.

पण नुसत्या टोमण्याने भागणार नाही, कारण मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काश्मीरच्या सूफियाना मौसीकीत संतूरवर २५ घोड्या आणि प्रत्येकीवर चार, अशा शंभर तारा असतात. ते लाकडी बैठकीवर ठेवून वाजवतात. त्या संगीतात त्याचं काम वेगळं होतं, आलाप रंगवण्याचं नव्हतं. संतूरवादक शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत ते मंचावर आणलं तेव्हा जाणकारांनी मामांसारखीच नाकं मुरडली. त्यांनी घोड्यांची मांडणी बदलली, तारा चारांच्या तीन केल्या आणि वाद्य मांडीवर घेतलं, म्हणजे अनाठायी घुमणं कमी झालं. मुख्य म्हणजे कलम तारांवर हलकंच सरकवून एक ठोका दुसऱ्याशी जोडायचं तंत्र बसवलं. काश्मीरचे संतूरवादक भजन सोपोरी यांनी आपली वेगळी वाट काढली. आपल्या मुंबईच्या उल्हास बापटांनी बारा स्वर एकदम हाताशी राहतील अशी ठेवण केली आणि मींड काढायचंही तंत्र शोधलं.

माझं मत विचारशील, तर मींडेचा आभास करण्यासाठी अखंड घरंगळत राहणारं संतूर मला ऐकवत नाही. आलापात एक स्वर ठोकावा, त्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) पूर्ण ओसरू द्यावी आणि मग पुढचा. मामांना मारवा किंवा श्री हे मींडेवर उभे असलेले राग ऐकवायला जाऊ नकोस, तिथे त्यांचं पारडं जड आहे. किरवाणी ऐकव.

एका परदेशी वाद्यवृंदात टेबलाएवढं, पायाने दाबायची पट्टी असलेलं संतूर पाहिलं. हे काय?

ते सिम्बालोम. हंगेरीतलं, बुडापेस्टचे वाद्य बनवणारे शुंडा यांनी १८७४ मध्ये मोठं केलं. पायाच्या पट्टीने तारांचा नाद थांबवता येतो. मला त्या पट्टीचा हेवा वाटतो, आपण ते काम तळहाताने करतो. याच कुळातलं इराणी संतूर १८ घोड्यांचं आणि ७२ तारांचं असतं, चीनमध्ये यांगचिन. अमेरिकेतल्या हॅमर्ड डल्सिमरवर एकाच घोडीच्या दोन्ही अंगांना तार वाजते. घोडी तारेचे ३:२ असे भाग करते, त्यामुळे एका बाजूला सा असेल तर दुसऱ्या बाजूला पंचम मिळतो. आपल्या हाताला ते अवघड जातं, पण त्यांची लोकगीतं त्यावर फार सुटसुटीत बसतात.

मुलगी पहिल्यांदा पंधरा मिनिटं मंचावर वाजवणार आहे. ती घाबरलेली नाही, मी घाबरले आहे.

मग तुम्ही मागच्या रांगेत बसा. वाद्य कार्यक्रमाच्या तासभर आधी मंचावर, चालू दिव्यांखाली उघडं ठेवा, आणि मगच लावा. वातानुकूलित खोलीत लावलेलं वाद्य तापलेल्या मंचावर उतरणारच. तबलजींना षड्ज आधी कळवा. माइक तारांच्या वर थोड्या अंतरावर ठेवायला सांगा, अगदी टेकवला की कलमाची खटखटच जास्त ऐकू येते.

पंधरा मिनिटांत सगळं दाखवायचा मोह नको. चार-पाच मिनिटं आलाप, मग मध्यलयीतली एकच गत, शेवटी तिला झोपेतही येईल अशी तिहाई. वाजवताना एखादी तार उतरली तर तिने त्या घोडीवरचा ठोका हलका करावा किंवा तो स्वर दुसऱ्या सप्तकात घ्यावा, आणि पुढे जावं. गत थांबवून तार लावायला बसू नये. पण आलाप संपल्यावर गतीआधी अर्धा मिनिट घेतला तर बिघडत नाही. तेव्हा तुम्ही मात्र खुर्चीतून काही खुणा करू नका.

एकच तार सारखी तुटते. तार बदलली, दुकान बदललं.

आता घोडी बघा. तार जिथे टेकते तिथे खाच धारदार झाली असेल, किंवा खुंटीच्या भोकाची कड. घोडीची खाच बारीक पॉलिशपेपरने हलकी घासा, खुंटीचं काम कारागिराकडून करून घ्या. तेवढ्याने थांबलं नाही, तर त्या स्वराला तार जाड पडते आहे, एक नंबर बारीक लावा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी तार चढवू नका. आणि चढवताना चष्मा लावा, नंबर नसला तरी.