हरणासाठी गोळी कुठली घ्यावी?

प्रश्न: पुतण्या कॅलिफोर्नियात असतो, लायसन काढून हरणाच्या शिकारीला जाणारे, रायफल थ्री-झिरो-एट (.३०८) बोअरची. दुकानदार १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं बारीक माप) म्हणतो, मित्र १८० म्हणतात, काय घ्यावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: १५० घ्या म्हणावं, हरणाला १८० ची गरजच नाही, ती एल्कसारख्या दांडग्या जनावराला ठीक. पण वजनापेक्षा गोळी कशाची आहे ते आधी बघा, कारण तिथं १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, बिनशिशाची, बहुधा तांब्याची लागते. शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन तिथली कॉन्डोर गिधाडं मरायला लागली म्हणून हा कायदा. तांबं हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि वेग कमी पडला तर जनावराच्या अंगात शिरून नीट फुलत नाही, म्हणून तांब्यात हलकीच बरी. पूर्ण कवचाची फुल मेटल जॅकेट तर नकोच, ती न फुलता आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं अन् हाल हाल होऊन मरतं.

आणि हो, सुट्टीला आल्यावर नान्नजच्या माळावर काळवीट बघून हात शिवशिवले तर आवरा त्याला! इथं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, थेट जेल. दुर्बीण द्या हातात.