नवीन गाडीच्या टायरमध्ये नायट्रोजन भरू का?
अरे भरायचा तर भर, नुकसान काहीच नाही, पण त्यासाठी मुद्दाम पणजी-म्हापसा फेऱ्या मारू नकोस रे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फरक आहे पण अगदी थोडा, अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने वर्षभर टायर नुसते ठेवून बघितले तेव्हा हवेचे सरासरी ३.५ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) उतरले आणि नायट्रोजनचे २.२, म्हणजे चेक तर दोन्हीकडे करावंच लागतं ना.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं ते टायरमध्ये जातं, हा एक मुद्दा मात्र मी मानतो, म्हणून टाकीतलं पाणी रोज काढणारा पंपवाला पकड. प्रेशर सकाळी टायर थंड असतानाच बघायचं, चोर्ला घाट उतरून लगेच बघितलंस तर जास्तच दाखवणार, तेव्हा हवा काढू नकोस. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, फुल लोडचा वेगळा. आणि कुठे कमी वाटलं तर नायट्रोजनमध्ये साधी हवा बिनधास्त मार, मिक्स झाल्याने काही होत नाही, कमी हवेवर गाडी हाणणं हेच खरं धोक्याचं. वाचलेल्या पैशात प्रेशर बघायचा एक चांगला गेज घे, आणि स्टेपनी पण बघत जा, ती सगळेच विसरतात.