शेजारच्या खाटेकडे बघून

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बरोबरीचे पुढे गेले हे तर सलतंच आहे, पण तुला छळतंय ते वेगळंच. घरचे म्हणाले, 'आपल्याहून वाईट अवस्थेतली माणसं बघ, म्हणजे आपलं काय आहे ते कळेल.' ते केलंस. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि वर 'मी कृतघ्न तर नाही?' ही नवी बोचणी. कृतघ्न वगैरे काही नाही. तो सल्लाच कच्चा आहे.

मी इस्पितळात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, माझ्याहून खंगलेल्या. रोज सकाळी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, निदान मला उठून बसता तरी येतंय. याला मी कृतज्ञता समजत होते! मग त्या सुधारल्या आणि माझ्याआधी घरी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्हीही लवकर बऱ्या व्हाल हं." मी मान वर केली नाही. माझी तब्येत आदल्या दिवशी होती तशीच होती. समाधान मात्र त्यांच्या सामानाबरोबर निघून गेलं. त्या न उचललेल्या मानेची लाज अजून जात नाही.

दुसऱ्याच्या दुःखावर आपलं समाधान टांगू नकोस. दुःखी माणसाकडे जरूर बघ, मदतीला धाव. स्वतःला मोजायला तेवढं बघू नकोस.

तुलना हा माणसाचा स्वभावच, असं म्हणशील. आहेच. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडलं: पक्कं माप हाताशी नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्यांशी. म्हणून कुणा अब्जाधीशामुळे तुझी झोप उडत नाही, वर्गातल्या जोडीदारामुळे उडते. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे अभ्यासले, तर कांस्यवाले सरासरीने रौप्यवाल्यांपेक्षा खूश दिसले. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसत असावं, कांस्यवाल्याला रिकाम्या हाताने परतणारा चौथा. बघा, खाली बघून फायदा झालाच की! थांब, घाई नको. तो चौथा पुढच्या वेळी पहिला आला तर? दुसऱ्याच्या दुःखावर टांगलेलं असं पडतं.

ताडून बघायचंच तर जे आहे ते मिळालंच नसतं, या शक्यतेशी बघ. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जोडीदारांना 'आपली भेट कशी झाली' ते लिहायला सांगितलं, काहींना 'ती भेट कशी हुकली असती' ते. दुसऱ्या गटातले आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी निघाले. यात कुणाला आजारी पडावं लागत नाही, हरावं लागत नाही.

मला लोक तुसडी म्हणतात. कुणाचा पगार, कुणाची बढती असा विषय निघाला की मी उठून जाते. दुसऱ्याचं वाकून बघण्याची खोड मला ठाऊक आहे, म्हणून. धाकट्या भावाने घर बांधलं, ते बघायला दोन वर्षं गेले नाही. तत्त्व होतं ते. निदान पहिलं वर्ष तरी तत्त्वच होतं.

ते जाऊ दे. ज्या मैत्रिणीला नोकरी लागल्याचं तू लिहिलंयस, तिचं अभिनंदन केल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. आज तिला फोन कर. मग मला लिही.

तुझी,
मावशी