साक्षांकन नमुन्यातला एक रकाना

"मॅडम, माझ्यावर केस झाली होती. आता नोकरी हातची जाईल का?"

हा प्रश्न घेऊन येणारी मुलं बहुतेक एकटी येतात आणि आवाज खाली घेऊन बोलतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

पंचविशीचा मुलगा, सरकारी खात्यात लिपिक म्हणून निवड झालेली. पिशवीतून त्याने साक्षांकन नमुना काढला, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती खरी म्हणून भरून द्यायचा फॉर्म. 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का' या रकान्यात पेन्सिलीने 'नाही' लिहून इतक्यांदा खोडलं होतं, की कागद तिथे विरविरीत झाला होता.

सहा वर्षांपूर्वी बांधावरून चुलत्यांशी भांडण झालं. मारहाण, शिवीगाळ, धमकी. फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं आली, त्यात याचंही. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. "मिटलंय ना मॅडम, मग लिहायचं कशाला? मित्र म्हणतात, कोण बघतंय?"

बघतात. चारित्र्य पडताळणीचे कागद पोलीस ठाण्यात जातात आणि तिथली नोंद तडजोडीने पुसली जात नाही. तडजोडीने मिटलेल्या खटल्यात कायद्याच्या दृष्टीने माणूस निर्दोष सुटतो, हे खरं. पण विचारलंय ते 'शिक्षा झाली का' असं नाही, 'गुन्हा दाखल झाला का' असं आहे. प्रश्न शब्दन् शब्द वाचायचा आणि जेवढं विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

नमुन्याच्या वरच छापलेलं असतं, की माहिती खोटी दिली किंवा दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची नीट मांडणी केली. माहिती खरीच द्यायला हवी. गुन्हा किरकोळ असेल, तर दडवल्याची चूकही नोकरी देणारा पोटात घालू शकतो. मात्र सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायचीच, असं बंधन त्याच्यावर नाही. हा शेवटचा भाग मी त्याच्यापासून लपवला नाही. खोटा धीर दिलेली मुलं नंतर जास्त खचतात. पोलीस भरतीत तर कसोटी आणखी कडक. तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा दिल्ली पोलिसांचा निर्णय न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवला होता.

(घटना अठराच्या आतली असेल, तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळे, गंभीर अपवाद सोडले तर, दोषी ठरल्याने येणारी अपात्रता त्या मुलाला चिकटत नाही. अशांनी रकाना भरण्याआधी वकिलाला जरूर विचारावं.)

मग आम्ही सोबत जोडायचा खुलासा लिहायला बसलो. त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'मला खोट्या गुन्ह्यात अडकवण्यात आलं.' मी विचारलं, "खोटा होता?" बराच वेळ तो पेनचं टोपण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, "काठी माझ्याही हातात होती. मी एकोणीसचा होतो." ते वाक्य त्यानेच खोडलं. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं आणि ते त्याने एकट्याने केलं.

खुलासा पाच ओळींत संपला: भांडण कशावरून झालं, त्यात आपण काय केलं, खटला कुठे आणि कसा मिटला, त्यानंतर एकही तक्रार नाही. तालुक्याच्या कोर्टातून त्याने निकालाची प्रमाणित नक्कल काढली. ही नक्कल प्रत्येकाने घरात ठेवावीच. खासगी कंपन्यांच्या पडताळणी संस्थासुद्धा ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, नाव टाकून शोधतात. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचाच खटला एका मुलीच्या माथी लागला होता. वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता दाखवून तिने तो निस्तरला.

अडीच महिने त्याला काहीच कळलं नाही. त्या काळात तो दर आठवड्याला यायचा, झोप लागत नाही म्हणायचा. मग कार्यालयात बोलावणं आलं. अधिकाऱ्यांनी खुलासा वाचून एकच विचारलं, "चुलत्यांशी आता बोलणं आहे का?"

"नक्कल काढायला तेच बरोबर आले होते, साहेब," तो म्हणाला.

नेमणुकीचं पत्र पुढच्या महिन्यात आलं.