स्कोअर चांगला आहे, मग वसुलीचा फोन कसा?

प्रश्न : मुलाने माझ्या मोबाइलमध्ये क्रेडिट स्कोअर दाखवणारं एक मोफत अ‍ॅप टाकून दिलंय. त्यात स्कोअर ७८० दिसतो. तरी गेल्या आठवड्यापासून एक माणूस फोन करून सांगतोय की माझ्या नावावर १८ हजारांचं कर्ज थकलंय. ‘निम्मे भरा, फाइल बंद करून टाकतो’ म्हणतो. मी कधीही ऑनलाइन कर्ज घेतलेलं नाही. स्कोअर चांगला आहे म्हणजे हा फोन खोटाच समजायचा का? आणि ताई, ही फुकटची अ‍ॅप भरवशाची असतात का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आधी एक सांगते, एक रुपयाही भरू नका. शंभर रुपये जरी दिलेत, तरी ‘कर्ज तुमचंच, म्हणून तर भरलंत’ असं उद्या तुम्हालाच ऐकवतील. त्या माणसाकडे कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव, कर्जखात्याचा नंबर आणि कर्ज दिल्याची तारीख लेखी मागा. कर्ज ‘रद्द करायला’ म्हणून त्याने पॅनचा फोटो किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या.

फोन खरा की खोटा, हे स्कोअरवरून कळणार नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात होते. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, समोर आला की ग्राहकाची नजर थेट त्या तीन आकडी स्कोअरवर जायची, मी मात्र तो शेवटी बघायचे. तुमच्या नावावर कोणी कर्ज काढलं आणि ते थकल्याची नोंद अजून झाली नसेल, तर स्कोअर छान दिसू शकतो. शिवाय अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा एकाच क्रेडिट कंपनीचा, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपनीचा, स्कोअर असतो. आपल्याकडे अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७पासून यातल्या प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. त्यांच्या साइटवर पैसे भरायचा प्लॅन आधी समोर येतो. तो सोडा आणि मोफत वार्षिक रिपोर्टची लिंक शोधा. एरवी मी दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा रिपोर्ट काढायला सांगते, म्हणजे वर्षभर नजर राहते. तुम्ही मात्र आजच चारही काढा.

रिपोर्ट हातात आला की सुरुवातीची वैयक्तिक माहिती नीट वाचा. त्यात तुमचे म्हणून नोंदलेले पत्ते आणि मोबाइल नंबर असतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच खूण करा. मग ‘एन्क्वायरी’चा भाग बघा. तुमच्या नावाने कोणी कर्ज मागितलं की त्या कंपनीचं नाव, तारीख, रक्कम आणि कर्जाचा प्रकार तिथे उमटतो. चोराला कर्ज मिळो न मिळो, त्याने दार ठोठावल्याची खूण तिथे राहते. शेवटी कर्जखाती एकेक करून तपासा.

इथे एक सावधगिरी. अनोळखी नाव दिसलं की लगेच घाबरू नका. अ‍ॅपवरून मिळणारं कर्ज प्रत्यक्षात एखादी वित्तसंस्था देते आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅपचं नव्हे, तिचं नाव येतं. फ्रिज किंवा मोबाइल हप्त्यावर घेतला असेल तर त्याचंही तसंच. कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं. हे सगळं आठवून बाजूला काढा. जे उरेल ते संशयाचं.

मोबाइल नंबरवर मी इतका जोर का देते, ते सांगते. बँकेने किंवा वित्तसंस्थेने तुमचा रिपोर्ट उघडला की क्रेडिट कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. तुम्हाला मिळू शकेल असा हा सगळ्यात चांगला फुकटचा पहारा आहे. पण तो संदेश जातो त्यांच्याकडे नोंदलेल्या नंबरवर. घरकर्जासाठी आलेल्या एका शिक्षिकेच्या रिपोर्टमध्ये तिने कधी न घेतलेलं दुचाकीचं कर्ज निघालं. खात्याला लागलेला नंबर तिने केव्हाच सोडून दिलेला होता. तिला कळायला वेळ लागला, कारण कळवायची वाटच बंद होती. म्हणून प्रत्येक बँकेत आपला चालू नंबर आणि ईमेल लावून घ्या.

खोटं कर्ज सापडलंच, तर क्रेडिट कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत. पण कर्ज देणाऱ्याने मान्य केल्याशिवाय ती कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून त्याच दिवशी त्या वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, हेल्पलाइन १९३०. या सायबर तक्रारीचा क्रमांक दोन्ही अर्जांत घाला, नुसत्या ‘हे माझं नाही’पेक्षा त्याला वजन असतं. क्रेडिट कंपनीकडची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. हा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे आणि ती भरपाई हक्काने मागा. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथेही फी नाही.

आता अ‍ॅपबद्दल. अशी बरीच अ‍ॅप कर्ज आणि कार्डं विकून कमिशन कमावतात, म्हणून तुमचा रिपोर्ट वाचायची परवानगी त्यांना हवी असते. दर महिन्याला बदल कळवणारं अ‍ॅप उपयोगी आहे, पण एकच ठेवा. संपर्क यादी आणि फोटोंची परवानगी देऊ नका आणि नको झालं की संमती मागे घ्या, नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने ती रद्द होत नाही. आणि पहारा म्हणजे कुलूप नव्हे. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा, शक्य तिथे मास्क केलेलं, म्हणजे नंबरचे पहिले आकडे झाकलेलं आधार द्या, पॅनच्या झेरॉक्सवर तारीख आणि ती कशासाठी दिली ते आडवं लिहा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावाने किती सिमकार्डं चालू आहेत तेही बघून घ्या.

प्रश्न : सारखा रिपोर्ट काढला तर स्कोअर घसरतो ना?

उत्तर : नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअरवर काहीही परिणाम होत नाही. कर्जासाठी दहा ठिकाणी अर्ज केलेत तर होतो.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही. त्यांचा रिपोर्ट काढून काय करायचं?

उत्तर : जरूर काढा. त्यांच्या रिपोर्टमध्ये कर्जाची एकही नोंद नसायला हवी, म्हणून दिसेल ती प्रत्येक नोंद परकी. तपासायला इतका सोपा रिपोर्ट दुसरा नाही. फक्त ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून काढा, आणि बँकेत त्यांच्या खात्याला कोणाचा नंबर लागलाय ते त्याच दिवशी विचारून घ्या.