पाठपुराव्याचे पैसे आधी माग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नवा आराखडा, दोन्ही वाचलं. पहिल्या प्रस्तावात तुझा प्रश्न होता की डोक्याला जबर मार बसलेल्यांपैकी पुढे अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, कुणाला होतो आणि तो आधीच कसा रोखायचा. नव्या आराखड्यात उरलंय ते एवढंच, की चौदाव्या दिवशी रक्तात दाहाची, म्हणजे शरीराच्या सूज-प्रतिक्रियेची, प्रथिनं किती वाढलेली असतात. अनुदान देणाऱ्या समितीने ‘मुदतीत बसत नाही’ असा शेरा मारला आणि तू मुदतीत बसेल असा प्रश्न शोधलास. आता विचारतेस, यात गैर काय?

दाहाचा अभ्यास करायला माझी हरकत नाही. पण अभ्यास संपताना कुणाला फिट आली आणि कुणाला नाही हेच ठाऊक नसेल, तर त्यावर अपस्माराचं नाव लावू नकोस. बजेट लिहायला बसशील तेव्हा पाठपुराव्याचे, म्हणजे रुग्णांचं पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं विचारत राहण्याचे, पैसे आधी माग. उपकरणं, किट्स, परिषदा हे सगळं उरलेल्या पैशात बसव.

सिएटलची फेनिटॉइन या फिट रोखणाऱ्या औषधाची चाचणी तुला पाठ असेल, तरी पुन्हा काढ. टेम्किन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये छापलेली. गंभीर मार लागलेले 404 रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही. पहिल्या आठवड्यात औषधवाल्यांपैकी 3.6 टक्क्यांना झटके आले, दुसऱ्या गटात 14.2 टक्क्यांना. तिथेच थांबले असते तर फेनिटॉइन अपस्मार रोखतं असं आपण आजही शिकवत बसलो असतो. ते थांबले नाहीत. दोन वर्षं माणसांच्या मागे राहिले, आणि दोन वर्षांअखेर आकडे आले औषधाच्या गटात 27.5 टक्के, प्लासिबोच्या गटात 21.1. म्हणजे सुरुवातीचे झटके दबले, पण अपस्मार काही टळला नाही. आज पहिल्या सात दिवसांपुरतंच औषध द्यायची शिफारस आहे, तिच्यामागे ही दोन वर्षं उभी आहेत. तुझा चौदावा दिवस याच्यापुढे ठेवून बघ.

आणि दोन वर्षंही पुरत नाहीत. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखम होऊन वाचलेल्या सैनिकांची नोंद 1967 ते 1970 या काळात विल्यम कॅव्हनेस यांनी करवून घेतली. युद्धभूमीवरच्या डॉक्टरांनी साधे फॉर्म भरले, इतकंच. पंधरा वर्षांनी त्यातल्या 421 जणांना पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की कवटी भेदणाऱ्या जखमांनंतर निम्म्याहून अधिक, 53 टक्के, लोकांना अपस्मार झाला होता. आणखी पुढच्या फेरीत असेही निघाले, ज्यांना पहिली फिट जखमेनंतर चौदा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा आली. फॉर्म भरणाऱ्यांना हे उत्तर मिळणार नव्हतं, तरी त्यांनी ते भरले. तुला तीन वर्षांत उत्तर हवंय, कारण अनुदान तीन वर्षांचं आहे!

रागावलो वाटेल. तुझ्यावर नाही. आजार एका वेगाने चालतो, पैसा दुसऱ्या वेगाने, आणि जुळवून घ्यायला सांगतात ते नेहमी आजाराला, याचा राग आहे.

मी नवा असताना एका अभ्यासात काम केलं. रुग्ण चांगले मिळाले, एमआरआय वेळेवर झाले, रक्ताचे नमुने उणे 80 अंशावर नीट लावले. मग निधी संपला. फोन करणाऱ्या समन्वयक बाईंचा पगार थांबला आणि वर्षभरात निम्मे नंबर बंद झाले. डोक्याला मार लागलेली ही माणसं: बरीचशी तरुण, कामं सुटलेली, पत्ते बदललेले, काहींना तारीखही लक्षात राहत नव्हती. ती आपणहून परत येतील असं कोण समजलं होतं? नमुने अजून आहेत. त्यातल्या कोणत्या नळीचा मालक फिट येऊन पडला, हे कुणीही सांगू शकत नाही. ते मला अजून सलतं.

म्हणून पुढे माझ्या स्वतःच्या प्रस्तावावर एका समितीने ‘शेवटची दोन वर्षं कापा, लगेच मंजूर करतो’ म्हटलं, तेव्हा मी नाही म्हटलं. पैसे गेले. सहकारी म्हणाले, हट्टीपणा आहे, अर्धी भाकरी घ्यायची होती. घेतली असती तर पुन्हा तेच, भरलेला फ्रीझर आणि बंद नंबर. त्यानंतर लहान लहान निधी जोडून कमी रुग्ण घेतले, पण एकेकाला धरून ठेवलं. माझी यादी छोटी राहिली, नाव फार झालं नाही. मात्र त्या यादीतल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते मला सांगता येतं, आणि हा सौदा मी आजही करीन.

आता हिशेब. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीच्या अभ्यासात गंभीर दुखापतीनंतर पाच वर्षांत अपस्माराची शक्यता 10 टक्के निघाली, सौम्य दुखापतीनंतर 0.7. तुझं औषध ते 10 चे 5 करतं असं धर. 80 टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची तेवढी शक्यता, हवी असेल तर प्रत्येक गटात सव्वाचारशेच्या वर माणसं लागतात. गळती धरलीस की हजाराच्या पुढे. एकट्या केंद्राला हे मुदतीत जमणार नाही, हे समितीचं म्हणणं बरोबर आहे. तेवढं मान्य कर आणि औषधाची चाचणी सध्या सोड. जास्त धोका असलेले रुग्ण निवड, म्हणजे मेंदूत रक्तस्राव आणि कवटीचं दबलेलं फ्रॅक्चर असलेले. संख्या कमी ठेव, वर्षं वाढव.

उंदरांचंही तसंच. लॅटरल फ्लुइड परकशनच्या, म्हणजे द्रवाच्या दाबाने मेंदूला इजा करण्याच्या, मॉडेलमध्ये वर्षभर थांबलं तर कुठे निम्म्याच्या आसपास जनावरांना आपोआप झटके येतात. तोवर पिंजऱ्याचं भाडं आणि चोवीस तास व्हिडिओ-ईईजी, म्हणजे चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद. हा खर्च लपवू नकोस, पहिल्या पानावर लिही.

निधी देणारे सगळे सारखे नसतात. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने 2015 पासून अपस्मारासाठी वेगळा कार्यक्रम चालवला, तो मुळात मार लागल्यानंतरच्या अपस्मारासाठी, कारण सैनिक परतल्यावर वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असतात. अपस्माराच्या रुग्णांच्या पालकांनी 1998 मध्ये उभ्या केलेल्या क्युअर संस्थेनेही त्याच विभागाच्या 1 कोटी डॉलर्सवर या विषयाचा बहुवर्षीय उपक्रम केला. एपिबायोस या प्रकल्पात माणसं आणि उंदीर एकाच आराखड्यात, अनेक केंद्रांतून तपासले गेले. या लोकांना मुदतीचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या साखळीतलं एक केंद्र हो. आपली नोंद त्यांच्या फॉर्मशी जुळणारी ठेव, म्हणजे तुझे साठ रुग्ण उद्या कुणाच्या तरी सहाशेत मिळवता येतील. प्रकल्पप्रमुख म्हणून तुझं नाव येणार नाही. चालेल.

मार लागल्यानंतर अपस्मार टाळणारं एकही सिद्ध औषध आज नाही. ते आलं तर अशाच एखाद्या लांबलेल्या यादीतून येईल, म्हणून इतका पाठी लागतोय.

दाहाचा आराखडा फाडू नकोस. त्यातलं चौदाव्या दिवसाचं रक्त ठेव. त्याच रुग्णांना सहा महिने, एक, दोन आणि पाच वर्षांनी फोन करायचं कलम घाल. फोन करणाऱ्या व्यक्तीचा पाच वर्षांचा पगार लिही. रुग्णासोबत राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर पहिल्याच दिवशी घ्यायचे, संमतिपत्रात तशी ओळ हवी. समितीने हे कलम कापायला सांगितलं तर रुग्ण कमी कर, ते कलम ठेव. तेवढं झालं की बजेटचं पान मला पाठव, बाकीचा प्रस्ताव नंतर वाचेन.

तुझा,
सर